भावसिंग काकाच्या डीजेतला ब्लँक

भावसिंग काकाच्या मते गाणं म्हणजे बाजारातली मेथी. सकाळी हिरवीगार, दुपारी मान टाकलेली, अन् दुसऱ्या दिवशी फुकट देतो म्हटलं तरी कोणी हात लावत नाही. काका हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नव्हता. महागावच्या फाट्यापासून आत जेवढे तांडे आहेत तेवढ्यांची लग्नं त्याच्या डीजेने वाजवली होती, आणि लोकांचे पाय कोणत्या साली कशावर उठले हे त्याला पोरांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त नीट आठवायचं.

त्याने पहिल्यांदा पिकअपवर स्पीकरचे डबे बांधले तेव्हा ढोलकी मिक्सचे दिवस होते. गाण्याआधी अशी लांबलचक सुरुवात असायची की नवरदेव घोड्यावर बसून फेटा सावरून घ्यायचा, तरी गाणं सुरूच व्हायचं बाकी. मग टपोरी मिक्स आला. मग ईडीएम आलं आणि आपल्याबरोबर ड्रॉप घेऊन आलं. ठेका चढत चढत जायचा, सगळी वाद्यं क्षणभर श्वास रोखायची, आणि मग बेस असा छातीवर येऊन पडायचा की पिकअपच्या काचा थरथरायच्या. पोट्टे त्या श्वास रोखण्यावरच जीव टाकायचे. हात वर करून, डोळे मिटून उभे राहायचे. पुढे रील आल्या आणि थांबायला कोणाला वेळच उरला नाही. आता ड्रॉप आधी, गाणं मागून. श्वासबिस सगळं रद्द.

हे रद्द करण्याचं काम काकासाठी त्याची पुतणी राखी करायची. राखी अकरावीत होती. दहावीपर्यंत वर्गात तिचा आवाज हजेरीपुरताच ऐकू यायचा. मग तिने मोबाइलवर गाणी जोडायचं एक अॅप घेतलं, मावसबहिणीच्या लग्नासाठी एक मिक्स केला, आणि त्या मिक्सवर चक्क पाहुण्यांचा ड्रायव्हर गाडीतून उतरून नाचला. त्या दिवसापासून राखी वर्गात शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावर आली ती आलीच. तिच्या गाण्यांत मध्ये मध्ये 'डीजे भावसिंग, महागाव' असा काकाचा घोगरा आवाज टाकलेला असायचा. त्याला काका टॅग म्हणायचा. राखीला त्याचं वाईट वाटत नव्हतं. डबे काकाचे, डिझेल काकाचं, मग नाव काकाचं. पण गाणी आपली आहेत हे तिला माहीत होतं, आणि सांगायची वेळ आली तर आता ती सांगूही शकत होती.

वेळ आली ती तीजेत.

श्रावणात तांड्यातल्या कुंवार पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज वाजतगाजत पाणी आणून घालतात आणि संध्याकाळी तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकाच्या अंगणात फेर धरतात. शेवटच्या दिवशी ते लांब, पिवळट कोंब घेऊन सगळा तांडा नाल्यावर जातो. मागच्या साली पहिल्यांदाच तीजेला डीजे लागला होता. झालं असं की डीजे सुरू झाला, पोट्टे पुढे घुसले, पोरी कडेला गेल्या आणि म्हाताऱ्या तर थेट ओट्यावर जाऊन बसल्या. तीज कोणाची होती तेच कळेना.

म्हणून यंदा उत्तमसिंग नायकाने पोरींना अंगणात बोलावलं आणि भावसिंग काकालाही. नायक मोठ्याने बोलायचा नाही. पानाचा डबा उघडत तो म्हणाला, "मले डीजेचा राग नाही. पण तीज बायांची आहे. बाया बसून राहात असतील तर ते डबे कायले आणायचे?"

"आता नवीन स्टाईल आली आहे, नायक," काका म्हणाला.

"तुही नवीन स्टाईल दर सालीच येते बाप्पा."

सगळे हसले. काकाही हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. तेव्हा राखी पुढे झाली. पुढे व्हायचं तिने ठरवलं नव्हतं. पायच झाले.

"नायक बापू, मी मानी दादीच्या आवाजाचं गाणं करते. तिचंच तीजेचं गाणं, आपल्या डीजेवर. म्हाताऱ्या उठतील."

"अन् नाही उठल्या तं?"

राखीने काकाकडे पाहिलं. काका आपल्या चपलेकडे पाहत होता.

"नाही उठल्या तं पुढच्या सालापासून तीजेत डीजे नाही," नायकानेच उत्तर देऊन टाकलं आणि पान तोंडात घातलं. म्हणजे बोलणं संपलं.

मानीबाई म्हणजे तांड्यातली गाणं सांगणारी बाई. लग्न असो, होळी असो, तीज असो, पहिली ओळ तिची. तिला राखीने घरातल्या मागच्या खोलीत बसवलं, चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या, आणि समोर पितळी डब्यावर मोबाइल उभा केला.

"हे काय करून राह्यली छोरी? मले थंडी नाही वाजत."

"आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, दादी. बाहेरचा आत येऊ नये म्हणून."

"बाहेर तुही याडी भाकरी थापून राह्यली. मायनं तुहं काय बिघडवलं?"

मानीबाईने कानामागे हात नेला, डोळे अर्धे मिटले आणि गायली. आवाज जुन्या दोरखंडासारखा होता, खरबरीत आणि पक्का. एक ओळ गायली आणि थांबली. राखीने मान वर केली. मानीबाई शांतपणे भिंतीकडे पाहत होती. मग पुढची ओळ गायली आणि पुन्हा थांबली.

दादीला आता दम लागतो, राखीला वाटलं. वयच झालं. तिने हाताने खूण केली, थांबू नको, म्हण म्हण.

"मी कोठी थांबून राह्यली?" मानीबाई म्हणाली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. तसंच. तितकंच थांबत.

त्यात काय, राखीने मनात म्हटलं. कात्री आपल्या हातात आहे. त्या संध्याकाळी तिने मोबाइलवर आवाजाची ती नागमोडी रेघ पाहिली. ओळ आली की फुगायची, मधे सपाट व्हायची. तिने सगळ्या सपाट जागा छाटून टाकल्या. ओळीला ओळ चिकटली. खाली मिनिटाला एकशेतीसचा ठेका घातला, सुरुवातीलाच ड्रॉप, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सुरभीला ऐकवलं. सुरभी महागावची. घरी कापसाची मोठी शेती, कानात कायम मोठाले हेडफोन. जगात आज कुठे काय वाजतं हे वर्गात फक्त तिलाच ठाऊक असायचं.

"खतरनाक झालं," सुरभी म्हणाली. "एक सेकंदही रिकामा नाही."

"तेच तं."

संध्याकाळी पाणी घालायच्या वेळी राखीने ते लहान स्पीकरवर नायकाच्या अंगणात लावलं. बाया जमल्या. मानीबाईचा आवाज ऐकून सगळ्यांचे चेहरे फुलले. दोघी-तिघींनी हात हातात घेतले, एक पाऊल आत टाकलं आणि तिथेच अडखळल्या. कोणी तोंड उघडलं आणि मिटलं. पुढची ओळ अंगावर आलीच होती. पुन्हा पाऊल उचललं, पुन्हा तसंच. थोड्या वेळाने हात सुटले.

"चांगलं झालं व," मानीबाई म्हणाली.

"हो, चांगलं झालं," बाकीच्या म्हणाल्या आणि आपापल्या चुलीकडे गेल्या.

राखीला कोणी वाईट म्हटलं असतं तर परवडलं असतं. पाठ करून म्हटलेलं ते 'चांगलं' तिला पार खाली घेऊन गेलं. ती टोपल्यांपाशी बसून राहिली. कोंबांना पाणी घालायचं राहून गेलं तेव्हा तिची आई नंदाबाई येऊन मुकाट्याने घालून गेली.

मग सुरू झाला स्टाईलचा फेरा. काका म्हणाला स्पीड वाढव, पाय आपोआप उचलतात. तिने वाढवला. मानीबाईने ऐकून विचारलं, "मी कोनाच्या भेवानं पळून राह्यली यात?" सुरभी म्हणाली, आता शहरात सगळे हळू झाले आहेत, आफ्रो चालतो, खाली नगाऱ्यासारखा मऊ ठेका असतो. तिने तसं केलं. बाया बसून छान डोलल्या. पण बसूनच. मग सुरभीने सांगितलं की स्लो करून आवाज घुमता करायचा, रील बघ कशा चालतात. ते ऐकून नंदाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "मानीआत्या हिरीत पडली का?"

चार स्टाईल झाल्या. तीजेचा शेवटचा दिवस तोंडावर आला. कोंब टोपलीच्या कडेवर आले होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सुरभी एसटीने राखीबरोबर तांड्यावर आली. दोघी मागच्या खोलीत गोधड्यांवर आडव्या पडल्या.

"मूळचं दाखव," सुरभी म्हणाली. "न कापलेलं."

"त्यात काय आहे? दादी थांबते मधे मधे."

"दाखव तं."

राखीने सुरभीचे हेडफोन तिच्याच कानावर बसवले आणि मूळचं लावलं. सुरभी ऐकत होती. मधेच तिने भुवया आकसल्या, आवाज वाढवला, मागे नेलं, पुन्हा ऐकलं.

"हे दुसरं कोन गाऊन राह्यलं?"

"दुसरं कोनी नव्हतं तेथं."

सुरभीने हेडफोन काढून राखीच्या कानावर ठेवले. मानीबाईची ओळ आली, संपली. मग ती सपाट जागा. आणि त्या सपाट जागेत, गोधड्यांच्या पलीकडून, भाकरी थापल्याच्या थप थप आवाजाबरोबर, एक बारीक आवाज ओळीचा शेवट उचलून पुन्हा म्हणत होता. ओळ संपली की मानीबाई पुढची घ्यायची. पुन्हा जागा. पुन्हा तो आवाज. एकदा तो थांबला, तवा सरकवल्याचा आवाज आला, आणि मानीबाईही तेवढी थांबून राहिली होती.

राखी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली. नंदाबाई लसूण सोलत होती.

"याडी, दादी गात होती त्या दिवशी तू बी गात होतीस?"

"मी? मले कोठी येते गाता." नंदाबाईने मान वर केली नाही. मग हात थांबला. "म्हटलं असन. ती म्हनते तं मागून म्हनाच लागते ना. नाही तं ती पुढं कशी जाईन?"

एवढंच. राखी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. जन्मापासून ती त्या फेरात होती. एक अर्धा फेर ओळ घेऊन आत यायचा, दुसरा अर्धा तीच ओळ घेऊन मागे जायचा. तिने स्वतः शेकडो वेळा मागून म्हटलं होतं. पण मोबाइलवर ते रेघ झालं, आणि रेघेवर ती जागा रिकामी दिसली, म्हणून तिने ती छाटली. बायांना परत म्हणायला जागाच ठेवली नव्हती. पाऊल आत टाकायचं ठीक, पण मागे कधी घ्यायचं?

"काय झालं?" सुरभीने मागून विचारलं.

"आपन अर्धा तांडा डिलीट केला," राखी म्हणाली.

नवीन गाणं करायला तिला फार वेळ लागला नाही. ठेका मानीबाईच्या चालीचा ठेवला. बेस ठेवला, कारण बेस राखीला आवडायचा आणि त्याबद्दल तिला लाज नव्हती. प्रत्येक ओळीखाली तो चढत जायचा, आणि ओळ संपली की सगळं बंद. ठेका बंद, बेस बंद. एकदम कोरी जागा, आईच्या आवाजाएवढी लांब. मग पुढच्या ओळीला धडाम.

काकाने पिकअपमध्ये बसून ऐकलं. पहिल्या कोऱ्या जागेवर त्याने मिक्सरची वायर हलवून पाहिली. दुसऱ्यावर जनरेटरकडे पाहिलं. तिसऱ्यावर त्याने गाणं बंद केलं.

"बेटा, हा ब्लँक आहे."

"हो, काका."

"तुले माहीत आहे ब्लँक म्हंजे काय? मारेगावकडं एका लग्नात जनरेटर बंद पडला होता माहा. ऐन वरातीत. नवरदेवाचा मामा पिकअपवर चढून आला. डीजेवाल्याच्या धंद्यात सगळं माफ आहे, ब्लँक नाही."

"तो ब्लँक आपला नाही. तो बायांचा आहे."

"बाया नाही गायल्या तं?"

"तं मंग ब्लँकच," ती म्हणाली.

काकाने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "मधात माहा टॅग तरी टाक. तेवढीच जागा भरून निघन."

"नाही, काका."

तिने त्याला पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. काकाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू पिकअपनेच उलट उत्तर दिलं. मग म्हणाला, "बरं. पन नायकासमोर तूच उभी राहाशीन."

शेवटच्या दिवशी दुपार कलली तसा तांडा नायकाच्या अंगणात जमला. ऊन निवळलं होतं. पोरींनी टोपल्या मधे मांडल्या. म्हाताऱ्या ओट्यावर बसल्या होत्या, मागच्या सालच्याच जागांवर. नायक बाजेवर. पोट्टे पिकअपच्या आजूबाजूला, नाचायला शर्ट सारखे करून तयार. सुरभी कॅमेरा काढून उभी होती. राखी पिकअपवर काकाशेजारी चढली. तिने गाणं सुरू केलं.

मानीबाईची पहिली ओळ तांड्यावरून गेली. खालून बेस चढला. ओळ संपली. सगळं बंद.

अंगणात एकदम शांतता झाली. कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबलं. पोट्ट्यांचे हात हवेत होते. आणि काकाचा हात, बिचाऱ्याचा इतक्या वर्षांचा सवयीचा हात, आपोआप टॅगच्या बटणावर गेला.

"डीजे भावसिंग, महागाव," सगळे डबे एका आवाजात म्हणाले.

हशा झाला. ओट्यावरून मानीबाई म्हणाली, "भावसिंग, तुले कोन बोलावलं रे मधात?"

काकाने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत अडकवून धरले. दुसरी ओळ आली. संपली. पुन्हा शांतता. राखी ओट्याकडे पाहत होती. नायकही तिकडेच पाहत होता. कोणी हललं नाही. जागा संपत आली. मग गर्दीच्या मागून, पाण्याचा हंडा भिंतीशी ठेवता ठेवता, नंदाबाईने ओळीचा शेवट उचलला. मोठ्याने नाही. भाकरी थापताना म्हटला होता तितकाच.

तिसऱ्या ओळीला तिच्याबरोबर चौघी होत्या. चौथ्या ओळीला मानीबाई ओट्यावरून उतरली. स्वतःच्याच आवाजाला तिने मागून साथ दिली आणि पोरींना म्हणाली, "सरका, जागा द्या." ओटा रिकामा झाला. फेर झाला. ओळीबरोबर बेस घेऊन आत, आणि कोऱ्या जागेत नुसत्या बायांच्या आवाजावर मागे. पोट्टे कडेला उभे होते आणि आता काय करायचं ते न कळून टाळ्या वाजवत होते.

मग घोटाळा झाला. आईच्या एकटीच्या आवाजाला जेवढी जागा लागायची तेवढीच राखीने सोडली होती. सगळ्या बाया एकत्र म्हणू लागल्या तेव्हा त्यांचं म्हणणं लांबलं. म्हाताऱ्या शेवटचा सूर ओढून धरत, पाऊल सावकाश ठेवत. त्या अजून मागे येतच होत्या, आणि पुढचा बेस त्यांच्या पाठीवर पडला. फेर हेलकावला. मानीबाईचा पाय चुकला, एका पोरीने तिला सावरलं. ओळ गेली. पुन्हा तसंच होणार होतं. राखीला ते ओळ येण्याआधीच दिसलं.

तिने विचार केला नाही. पुढची कोरी जागा आली तसा तिने मोबाइलवर अंगठा दाबून धरला आणि गाणं अडवलं.

"आता काय केलं?" काका पुटपुटला. "खरोखरचं बंद केलं का?"

"थांबा, काका."

तिने मोबाइलकडे पाहणं सोडून दिलं. ती बायांच्या पायांकडे पाहत होती. मागचं पाऊल टेकलं, पैंजण, कडी, सगळं एकदम वाजलं, शेवटचा सूर खाली आला, आणि तिने अंगठा उचलला. मानीबाईची ओळ बरोब्बर पावलावर आली. बेस असा पडला की पिकअपची काच थरथरली आणि एक म्हातारी चक्क खुशीने ओरडली. पुढच्या जागेला पुन्हा तेच. कधी बाया लवकर आटोपत, कधी ओढून धरत. कधी मानीबाई मुद्दाम लांबवायची आणि पिकअपकडे पाहून डोळे बारीक करायची, बघू पोरगी थांबते का. पोरगी थांबायची. पोट्ट्यांनी हळूहळू हात वर केले. त्यांना त्या थांबण्यात काहीतरी ओळखीचं सापडलं होतं.

गाणं संपलं तेव्हा ते संपलं हे बायांनी मान्यच केलं नाही. मानीबाईने दुसरं घेतलं, तोंडानेच, आणि टोपल्या डोक्यावर घेऊन सगळ्या नाल्याच्या वाटेला लागल्या. काकाने जनरेटर बंद केला. पिकअप त्यांच्यामागे सावकाश निघाला, मुकाट्याने.

नायक बाजेवरून उठून पिकअपच्या खिडकीशी आला. चालत चालतच बोलला.

"भावसिंग, डीजे राहू दे पुढच्या साली."

"हो, नायक."

"पन बटन त्या पोट्टीच्या हाती."

काकाने मान हलवली. नायक पुढे गेला. काकाने गिअर बदलला. मग म्हणाला, "ह्या स्टाईलले काय म्हनाचं?"

"माहीत नाही."

"लोक इचारतीन ना. वरातीत मागतीन. ब्लँक मिक्स म्हनू का?"

"म्हना. पुढच्या साली शिळा होईन."

"पुढच्या साली? दिवाळीपर्यंत टिकला तरी लय झालं." काका खुशीत हसला. तो अजून दोन्ही हात सावधपणे स्टिअरिंगवरच ठेवून होता.

राखीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पुढे वाटेवर अर्ध्या बाया ओळ घेत होत्या. नंदाबाई मागच्यांत होती, तिच्या डोक्यावर राखीची टोपली. ओळ संपली, आणि मागच्यांचा आवाज येईपर्यंत मधे जी जागा पडली, तिच्यात राखीचा अंगठा आपोआप हवेतच दाबला गेला आणि आईचं म्हणून होईपर्यंत तसाच दाबलेला राहिला.